बूड बघा, बूड!

हॉटेलात चहा पिऊन झाल्यावर कप उपडा करून त्याचं बूड निरखणारा माणूस दिसला, तर घाबरू नये. तो अन्न आणि औषध प्रशासनाचा नसतो. तो सिरॅमिक आर्टिस्ट असतो. निदान होऊ घातलेला तरी असतोच. हल्ली प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला असा एकेक मिळालेला आहे. पुण्यात तर म्हणे गल्लीगल्लीत आहेत. तिथे ते आयटीतून येतात आणि त्यांच्या स्टुडिओत एक मांजर आणि मंद आवाजातली सतार असते. आमच्या नंदुरबारचा नग वेगळा आहे. तो ड्रॉईंगमधून आला आहे आणि त्याच्या शेडमध्ये दिवसभर आकाशवाणी चालू असते.

गावात त्यांना मातीसर म्हणतात. स्टेशन रोडवरच्या चहावाल्याने त्यांना पहिल्यांदा कप उलटा करताना पाहिलं, तेव्हा तो बिचारा गल्ला सोडून धावत आला. "काय भाऊ, माशी शे का?"

"नाही रे, फूटरिंग बघतोय."

हा माशीचाच एखादा इंग्रजी प्रकार असावा असं समजून त्याने दुसरा चहा फुकट दिला. सरांनी तोही प्यायला आणि तोही कप उपडा केला. "खुर्जा," ते म्हणाले. "जिगर-जॉलीवर दाबलेला माल. हाताचं काम नाही." चहावाला आता त्यांना काचेच्या ग्लासात चहा देतो.

"बूड बघा, बूड!" हे सरांचं घोषवाक्य. वरून सगळीच भांडी गोरीगोमटी असतात, खरं काय ते बुडाशी कळतं, असं त्यांचं म्हणणं. कड कशी कापली आहे, ग्लेझ कुठे थांबवलं आहे, माती कुठल्या रंगावर भाजली आहे, हे सगळं तिथे उघडं पडतं. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघायला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पगाराच्या विषयाला नुकतं तोंड फुटत होतं आणि सरांनी कप उपडा केला, रुमालाने पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडून त्यांच्याच बोटांची सावली दिसली. "वा! बोन चायना," ते म्हणाले. "माणसं चांगली दिसतात." लग्न जमलं. तेव्हापासून भावकीत त्यांना अशा कामांसाठी फार मागणी आहे.

मुळात ते ए.टी.डी. झालेले कलाशिक्षक. शाळेतला ड्रॉईंग मास्तर म्हणजे काय असतं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनाच ठाऊक. फळ्यावरचा सुविचार त्यानेच लिहायचा, स्नेहसंमेलनाचा पडदा त्यानेच रंगवायचा, १५ ऑगस्टची रांगोळी, निरोपाची मानपत्रं आणि मतदान जागृतीची भिंतही त्याच्याच गळ्यात. शिवाय गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास. यातून काही उरलं तर चित्रकला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राला सर दरवर्षी टेबलावर एक माठ, दोन वांगी आणि एक फडकं मांडायचे, आणि पोरांच्या पाठीमागून फिरत माठाच्या तोंडाचा लंबगोल दुरुस्त करत राहायचे. वांगी दरवर्षी नवी, माठ तोच. मग एका वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी शिपायाच्या हातून तो फुटला आणि नवा आणायला सर स्वतः कुंभारवाड्यात गेले. तिथे चाकावरचा गोळा दोन बोटांत वर चढताना त्यांनी पाहिला आणि होते तिथेच उकिडवे बसले. नवा माठ शाळेत पोचला तो दुसऱ्या दिवशी, पेपर सुरू झाल्यावर. त्या वर्षीच्या पोरांनी पहिला पाऊण तास नुसती वांगी काढली.

त्या उन्हाळ्यात ते खानापूरला गेले. बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर. तिथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट आहे. नंदुरबारहून खानापूर म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाला बसायचं आणि दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे उतरायचं. लोक सुट्टीत बायकापोरांना घेऊन सापुताऱ्याला जातात. हे पत्र्याची पेटी घेऊन एकटे तिकडे गेले. परत आले ते दाढी, एक लांब झब्बा आणि "सेंटर" हा शब्द घेऊन.

हा शब्द पुढे आम्हा सगळ्यांना फार महागात पडला. चाकावर मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणणं म्हणजे सेंटर करणं. ऐकायला एवढंच, पण नवशिक्याचे दिवसच्या दिवस यात जातात. कोपरं मांड्यांवर रोवायची, डाव्या तळव्याच्या गादीने गोळा बाजूने दाबायचा, उजव्या हाताने वरून, आणि श्वास रोखायचा. चाक गरगर फिरतंय, गोळा वेडावाकडा हात हलवतोय, आणि एका क्षणी एकदम सगळं निवांत. माती फिरतेय की थांबलीय हेच कळत नाही. तो क्षण सरांना खानापुरात भेटला आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक अडचण त्यांना सेंटरची वाटते. दहावीचा निकाल खाली आला, सेंटर नाही. भावाभावांत वाटणीवरून भांडण, सेंटर नाही. माझ्या सासऱ्यांना चक्कर यायची, तेव्हाही डॉक्टरांच्या आधी सरांचं निदान तयार होतं.

देवघरात त्यांच्याकडे दोन पोथ्या आहेत. एक गुरुचरित्र, ते वहिनींचं. दुसरं निर्मला पटवर्धनांचं ग्लेझ आणि मातीवरचं हँडबुक. भारतात मातीकाम करणाऱ्या दोन पिढ्या या बाईंच्या पुस्तकावर शिकल्या. कुठल्या दगडाची पूड किती, राख किती, कुठल्या अंशाला काय वितळतं, हे त्यांनी स्वतः करून बघून लिहिलं. सरांच्या प्रतीला इतकी माती लागली आहे की ती आता सरळ भट्टीतच लावता येईल. ब्रह्मदेव पंडितांना, म्हणजे भाईंदरला राहून काम करणारे ते मूळचे बिहारच्या कुंभार घराण्यातले पंडित, २०१३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुमच्या नात्यातले का?" सर म्हणाले, "कुळातले." हेडसरांनी आडनाव आठवून पाहिलं आणि दुसरा पेढा घेतला.

आमच्याकडून मुंबईपेक्षा बडोदा जवळ, त्यामुळे सरांची दुसरी वारी तिकडची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ज्योत्स्ना भट्ट यांनी कितीतरी वर्षं सिरॅमिक्स शिकवलं. २०२० साली त्या गेल्या. त्यांची मांजरं प्रसिद्ध होती: अंग चोरून बसलेली, तुमच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करणारी, दोन-चार वळणांतच संपणारी. ती पाहून आल्यावर सरांनी महिनाभर मांजरं केली. मांजर करणं सोपं नाही. कान जरा वर गेले की शिंगं होतात आणि मान जरा भरली की वशिंड. श्रावणात शेजारच्या आजी आल्या, फळीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "बरं झालं हो सर, यंदा पोळ्याचे बैल घरातच मिळाले." दोन मांजरं घेऊन गेल्या. पोळ्याला त्यांची पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्यही मिळाला. सर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून जास्त केली.

या माणसाबरोबर प्रवास करू नये. शहाद्याच्या एस.टी.त खिडकीशी बसतात, कुठे विहिरीचं खोदकाम दिसलं की उतरतात. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून चावतात. कचकच लागली तर वाळू जास्त. मग थुंकतात, मग वळी करून बोटाभोवती गुंडाळतात. तडा गेला नाही तर पिशवी भरतात. "याचं तिकीट?" कंडक्टर विचारतो. "माती आहे." "माणसंबी मातीचीच शेतस, तिकीट काढतस," असं एका कंडक्टरने सुनावल्यापासून सर त्याला फार मानतात.

आमची काळी कापसाची जमीन त्यांच्या कामाची नाही, हे त्यांना फार लागलं. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच भेगा भांड्यालाही पडतात. मग शोध सुरू झाला तापीच्या गाळाचा. प्रकाशाला, आमच्या दक्षिणकाशीला, ते एका दशक्रियेला आले होते. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नाही, मंडळी ताटकळलेली. कुणी म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली असेल. सर तेवढ्यात काठाला जाऊन बसलेले. त्यांनी हात घालून गाळ काढला, वळी केली, बोटाला गुंडाळली. तडा नाही. "मिळाली!" असे ते ओरडले आणि कावळा शिवला. गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा उत्तम प्लॅस्टिसिटीची होती, यावर त्या घरच्यांचा अजून विश्वास आहे. सगळ्यांनी हात जोडले, सरांचे मात्र कोपरापर्यंत भरलेले होते.

त्या गाळाचा मग केला, वाळवला आणि पक्क्या भांड्यांबरोबर १२०० अंशांच्या पुढे भाजला. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर मग नव्हता. फळीवर एक तपकिरी, चकचकीत थारोळं होतं आणि त्यात कान आडवा पडलेला. आमचा सगळा मुलूख बेसॉल्टचा, त्याच्या मातीत लोह मुबलक. असली माती ८००-९०० अंशांना लालबुंद माठ होते आणि १२०० ला पाणी होते. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून बसला असता. सरांनी छिन्नीने ते थारोळं खरवडलं, चाटून बघायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि तोच गाळ पाण्यात कालवून दुसऱ्या पक्क्या मातीच्या वाडग्यावर फासला. त्यावर गुळाच्या काकवीच्या रंगाचं सुरेख ग्लेझ आलं. "तापी ब्राऊन," सरांनी नाव दिलं. हे घडून गेल्यावर ते सहा महिने जमिनीवर नव्हते.

वहिनींची बाजूही ऐकली पाहिजे. पिठाची चाळणी राखेला गेली, मिक्सर फुटकी खापरं दळताना गेला, जुनी नऊवारी ग्लेझ गाळायला गेली. फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि चिनी माती या तीन पांढऱ्या पुडी रव्या-मैद्याच्या शेजारी येऊन बसल्या, तेव्हा वहिनींनी सगळ्या डब्यांवर मार्करने "खायचं" आणि "न खायचं" असं लिहून टाकलं. एका डब्यावर नुसतं "सरांना विचारा" आहे. तो डबा कुणीच उघडत नाही, सरही नाही. सासूबाई होत्या तोवर त्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "शिकीसवरीसन मास्तर झाया, आनि आते दिनभर गारामा हात!"

मिरचीचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र हे चित्र पुरं व्हायचं नाही. नंदुरबारचा माणूस कुठेही गेला तरी पुढचा त्याला मिरचीबद्दलच विचारतो. हिवाळ्यात गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, नजर पोचेल तिथपर्यंत लाल, आणि सगळं गाव शिंकत असतं. तो लाल रंग सरांना मगावर आणायचा होता. पुस्तकात लिहिलंय की तांब्याच्या ऑक्साईडपासून लाल ग्लेझ होतं. सरांनी तांबं घातलं आणि विजेच्या भट्टीत भाजलं. मग हिरवेगार निघाले. साऱ्या गल्लीने येऊन बघितलं. सर शांतपणे म्हणाले, "अजून पिकायची आहे."

गंमत अशी की तांबं लाल होतं ते भट्टीतला प्राणवायू तोडला तरच. भरपूर हवा मिळाली की ते हिरवंच राहतं. विजेच्या भट्टीत हवा तोडायची सोय नाही. म्हणून सरांनी पत्र्याचं एक पिंप आणलं, आतून सिरॅमिक वूलचं अस्तर दिलं, खाली गॅसचा बर्नर बसवला, वर झाकणाला भोक, आणि दाराला चौकटीवर असतं तसं लिंबू-मिरची टांगलं. मिरची अर्थातच लाल निवडलेली. भट्टी रात्री नऊला पेटली. पायरोमीटरचा काटा ५७३ वर आला की सगळ्यांनी गप्प बसायचं, हा त्यांचा दंडक. त्या अंशाला मातीतला क्वार्ट्झ अंग पालटतो, एकदम फुगतो, घाई केली तर भांडं तडकतं. घाई आणि आवाज यांचा काही संबंध नाही, हे त्यांना पटवण्यात अर्थ नाही. ५७३ ला दार आपटलं म्हणून त्यांनी पोस्टमनशी अबोला धरला होता. पहाटे त्यांनी हवा कमी केली, वरचं भोक अर्धं झाकलं. आत गॅस अर्धवट जळायला लागला, भोकातून पिवळी जीभ बाहेर आली आणि काळा धूर गच्चीगच्चीवरच्या पापडांकडे निघाला. त्या वर्षी आमच्या आळीत उडदाचे पापड राखाडी खाल्ले गेले.

भट्टी उघडली. अकरा मग काळपट, यकृताच्या रंगाचे. बाराव्या मगाच्या आत, तळापासून बोटभर वर, पावलीएवढा एक डाग लाल. खरा लाल, ओल्या मिरचीचा, आत खोल उजेड असलेला. सरांनी तो मग कुणाला विकला नाही, कुणाला हातात दिला नाही. आलेल्याला आधी हात धुवायला लावतात, मग टॉर्च देतात, मग म्हणतात, "आता वाका." मी तीन वेळा वाकलो आहे. अजूनही तो डाग बघून काहीतरी होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला, असं सगळे मानतात. सर मानत नाहीत. त्यांच्या लेखी जिल्हा चार हजार वर्षांचा आहे आणि त्याचा पुरावा खापराच्या तुकड्यांत आहे. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशाला १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा थरावर थर रंगवलेली मडकी निघाली. आणि तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने तर ताम्रपाषाण युगातली एक अख्खी संस्कृतीच ओळखली जाते. प्रवरेकाठच्या दायमाबादला सर्वांत खालच्या थरात जी वस्ती सापडली तिलाही पुरातत्त्ववाले सावळदाच म्हणतात. मडक्यांवर काळ्या रंगात बाणाची टोकं, मासे. हे सांगताना सरांचा आवाज चढतो. "पुस्तकात आपलं गाव आहे आणि तुम्हाला माहीत काय? मिरची!" पोळ्याच्या सभेत, नगरपालिकेच्या सत्कारात, एकदा तर बारशातही हे भाषण झालं आहे. बाळाचं नाव सावळद ठेवावं अशी सूचनाही आली होती. बाळाच्या आईने ती फेटाळली.

एवढा अभिमान असलेल्या माणसाची जिरवली ती खापरानेच. आमच्याकडे मांडा तव्यावर होत नाही, खापरावर होतो. मातीचं मोठं खापर चुलीवर उपडं ठेवायचं, पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद त्यावर टाकायची. दरवर्षी खापर कशाला घ्यायचं, जन्मभर टिकेल असं करून देतो, म्हणून आखाजीला सरांनी पक्क्या मातीचं, १२५० अंशांना भाजलेलं, वर तापी ब्राऊन चढवलेलं खापर केलं. टिचकी मारली की टणत्कार यायचा. घरातल्या सगळ्या बायका जमल्या. चूल पेटली, पहिली पोळी पडली आणि फटकन आवाज होऊन खापराचे दोन तुकडे झाले. पुरण राखेत. पितरांना त्या आखाजीला सांजोऱ्यांवर भागवावं लागलं.

सर तुकडे पिशवीत घालून कुंभारवाड्यात गेले. तिथल्या आजींनी ते नखाने वाजवले आणि हसल्या. "भाऊ, तुन्ही माती जास्ती पक्की शे, म्हनीसन फुटनी." आजींचं खापर वाळू आणि लीद घालून केलेलं, आव्यात जेमतेम भाजलेलं, अंगाला बारीक बारीक भोकं. खालून जाळ लागला की मातीला पसरायला जागा असते. सरांची माती वितळून घट्ट झालेली. एका बाजूने तापली, दुसरी गार राहिली, मध्ये तुटली. हे सगळं हँडबुकात आहे. सरांनी ते वाचलेलंही होतं. त्या दिवसापासून ते आठवड्यातून एकदा आजींकडे जाऊन बसतात. आजी त्यांना माती तुडवायला लावतात, आणि आवा रचताना गोवऱ्या द्यायला उभं करतात. भाषणात आता सर "माझ्या गुरू" म्हणतात. आजी त्यांना "तो मास्तर" म्हणतात.

आता खरं सांगायचं तर कलावंत म्हणून सर बेताचे आहेत. त्यांची भांडी थोडी जड असतात, थोडी एका अंगाला कललेली, आणि कान नेहमी मगापेक्षा हुशार दिसतो. पण शिकवायला बसले की हा माणूस वेगळाच होतो. रविवारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणीही यावं. फी म्हणजे एक पिशवी पऱ्हाटीची राख. मीटर रीडिंगला आलेला पोरगा तिथे अडकला तो अजून येतो. मिरची व्यापाऱ्याची सून येते. डी.जे. लावणारा एकजण येतो, तो तिथे दोन तास एक शब्द बोलत नाही. पहिलं भांडं कुणी घरी न्यायचं नाही, असा नियम. ते तारेने उभं कापायचं आणि भिंतीची जाडी बघायची. एका मुलीची आई भांडायला आली, लेकीची पहिली पणती कापली म्हणून. सर म्हणाले, "ताई, पहिली शंभर मातीची असतात. त्यापुढची तिची." मुलगी तोवर दुसरी करायला लागलेली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांना नव्या माती-भट्ट्या शिकवल्या, ही गोष्ट सर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगतात. कुंभारांना शिकवायचं धाडस आपल्यात नाही, हेही लगेच जोडून सांगतात. खापरानंतरची ही सुधारणा.

दोन वर्षांपूर्वी धडगावकडची एक पावरा मुलगी वसतिगृहातून यायला लागली. चाकावर तिचं काही जमेना. गोळा सुटायचा, ती हसायची, सर म्हणायचे, "हात उचला! कोपर टेकवा! सेंटर!" तिसऱ्या रविवारी ती चाकावरून उठली, कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि वळ्या करायला लागली. एकावर एक वळी, आतून अंगठा, बाहेरून तळवा, आपण स्वतः भांड्याभोवती फिरत. घरी आईबरोबर चुली लिंपलेल्या, धान्याच्या कोठ्या घातलेल्या. दुपारपर्यंत गुडघ्याएवढी कोठी उभी राहिली. सरांनी सवयीने तार काढली, मग परत खिशात घातली. भिंतीत वरून खालपर्यंत बोट घालून पाहिलं. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. चाक नाही, सेंटर नाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही बातमी होती. मग त्यांनी प्रदर्शनाच्या फळीवरची स्वतःची सहा भांडी उतरवली आणि ती जागा पुसून घेतली. पुढे महिनाभर रस्त्यात भेटेल त्याला अडवून त्या भिंतीची जाडी सांगितली. मला चार वेळा. आता दर महिन्याचा शेवटचा रविवार तिचा असतो. सर पोरांच्या रांगेत मांडी घालून बसतात आणि बूड जाड ठेवल्याबद्दल बोलणी खातात.

गावात असं घर नाही जिथे सरांनी दिलेला मग नाही. लग्नाला मग, वास्तुशांतीला मग, अपेंडिक्स काढलं तरी मग. त्यात चहा निवतो, पण संपत नाही, कारण भिंतीच जाड. म्हणून सगळ्यांकडे त्यात पेनं असतात, टूथब्रश असतात, आमच्याकडे चिल्लर असते. फाटकाची कडी वाजली आणि दाढी दिसली की घराघरांत एकच धांदल उडते: चिल्लर ओता, मग विसळा, आधण ठेवा. सर बसतात, आपल्याच मगातून फुंकर घालून चहा पितात, आणि विचारतात, "रोज वापरता ना?" आम्ही सगळे "रोज" म्हणतो.

येत्या मे महिन्यात सर निवृत्त होत आहेत. शेड लहान पडतेय, मोठी भट्टी आणायची म्हणतात, तीन फेजची. जागा मिळाली तर सकाळी बायकांची बॅच आणि संध्याकाळी निवृत्तांची. परवा आमच्याकडे आले, चहा झाला, उगाच गच्चीवर चक्कर मारून आले, दोनदा टाच आपटून पाहिली आणि सहज विचारल्यागत म्हणाले, "तुमचा स्लॅब किती इंचांचा आहे हो?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायकोने मात्र लोणच्याच्या बरण्या आतल्या खोलीत हलवल्या आहेत आणि पिठाच्या चाळणीला कुलूप कुठे मिळतं, याची चौकशी चालवली आहे.